अॅड-हॉक बिलांची बेचाळीस वर्षे

जानेवारी १९५५ मध्ये केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक समझोता झाला. सरकारच्या खात्यातली शिल्लक ५० कोटी रुपयांच्या खाली गेली की बँकेने सरकारच्या नावे ९१ दिवसांची ट्रेझरी बिले, म्हणजे सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रे, आपोआप काढायची, स्वतःच घ्यायची आणि तेवढी रक्कम खात्यात जमा करायची. ही ‘अॅड-हॉक’, म्हणजे तात्पुरत्या गरजेपुरती, बिले. कर वर्षभर सारखे जमा होत नाहीत, पगार आणि देणी मात्र थांबत नाहीत. मधली चणचण भागावी, एवढाच हेतू. पण एका बिलाची मुदत संपली की दुसरे निघत गेले, आणि भारतातल्या महागाईचा विचार या व्यवस्थेला वगळून करता येत नाही.

तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. १९४३ ते १९४९ या काळात ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी इथे होणाऱ्या लष्करी खर्चाचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या, म्हणजे ब्रिटिश पौंडांच्या, रूपात साठत आणि त्यांच्या आधारावर भारतात नोटा निघत. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. युद्ध संपेपर्यंत त्या हजार कोटींच्या पुढे गेल्या. धान्य आणि कापड मात्र त्या मानाने वाढले नव्हते. त्या महागाईचे चटके देशमुखांनी बँकेतून पाहिले होते. तरीही १९५५ चा समझोता त्यांच्याच कारकिर्दीत झाला, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

बँकेने सरकारच्या खात्यात टाकलेला पैसा नवा असतो. सरकार तो खर्च करते, तो बँकांत ठेवी म्हणून येतो, त्यावर कर्जे दिली जातात आणि मूळ रकमेच्या कित्येक पट पैसा बाजारात फिरू लागतो. १९७२ चा दुष्काळ आणि १९७३ चे तेलसंकट आले तेव्हा हा पैसा तुटपुंज्या मालामागे धावला. १९७४-७५ मध्ये घाऊक किमती सरासरी २५ टक्क्यांनी वाढल्या. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या त्या याच वर्षांत. दुष्काळ आणि तेल ही खरी कारणे होतीच. तुटीच्या अर्थभरण्याने, म्हणजे नवा पैसा काढून सरकारची तूट भरण्याने, त्यांना बळ दिले.

१९७४ पासून अॅड-हॉक बिलांवरचा व्याजदर ४.६ टक्क्यांवर गोठवला गेला. इतका स्वस्त पैसा मिळाल्यावर हात आखडता घेणार कोण? वाढलेला पैसा शोषून घ्यायला रिझर्व्ह बँक बँकांवरची बंधने वाढवत गेली. नव्वदीच्या सुरुवातीला ठेवींतल्या दर शंभर रुपयांपैकी पन्नासहून अधिक रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या रोख राखीव निधीत आणि सरकारी रोख्यांत अडकत होते. सरकारच्या खर्चाची किंमत शेतकरी आणि लहान कारखानदार कर्जावाचून मोजत होते.

१९९१ च्या परकीय चलनाच्या संकटानंतर हे बदलले. सप्टेंबर १९९४ मध्ये, अर्थमंत्री मनमोहन सिंग आणि गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या काळात, अॅड-हॉक बिलांवर मर्यादा घालणारा करार झाला आणि १ एप्रिल १९९७ पासून ती बंद झाली. २००३ च्या वित्तीय शिस्तीच्या कायद्यानुसार २००६ पासून सरकारी रोखे थेट सरकारकडून घेण्यासही रिझर्व्ह बँकेला मनाई झाली. अपवाद फक्त असाधारण परिस्थितीचा. २०१६ मध्ये महागाईचे लक्ष्य कायद्यात आले: ४ टक्के, दोन टक्के खाली-वर.

२०२२ मध्ये सलग तीन तिमाही महागाई सहा टक्क्यांच्या वर राहिली, तेव्हा कायद्याप्रमाणे बँकेला सरकारला कारणे लिहून कळवावी लागली. ते पत्र तेव्हा जनतेसमोर ठेवले गेले नाही. ते ठेवायला हवे होते.