पीआरपी आणि पीआरएफ: कुत्र्याच्या जखमेवर नेमके काय ठेवले जाते

कुत्र्याच्या जखमेवर त्याच्याच रक्तापासून केलेला उपचार करायचा म्हटले की पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म प्लेटलेट पेशी एकवटलेला रक्तद्रव) आणि पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन, म्हणजे अशाच प्लेटलेट धरून ठेवणारी तंतूंची गुठळी) ही दोन नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. पालकांचा गोंधळ समजण्यासारखा आहे; पण केसपेपरवर एक आणि प्रत्यक्ष जखमेवर दुसरेच, असे पशुवैद्यांच्या हातून होते तेव्हा नुकसान जनावराचे होते, कारण एक जिथे उत्तम काम करते तिथे दुसरे बऱ्याचदा वाया जाते.

पीआरपी बहुतेकांना माहीत आहे. केसगळती आणि गुडघेदुखी यांमुळे ते घरोघरी पोहोचले आहे. रक्त काढायचे, सेंट्रिफ्यूज या वेगाने फिरणाऱ्या यंत्रात फिरवून तांबड्या पेशी वेगळ्या करायच्या, उरलेला रक्तद्रव पुन्हा फिरवून प्लेटलेट थोड्या द्रवात एकवटायच्या आणि ते इंजेक्शनने द्यायचे, एवढे त्याचे स्वरूप. प्लेटलेटमधल्या कणिकांत ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढीचा इशारा देणारी प्रथिने, साठवलेले असतात. ते जखमेत नव्या रक्तवाहिन्या फुटायला आणि मांसांकुर वाढायला मदत करतात. इथपर्यंत पीआरएफचीही कथा हीच आहे, आणि म्हणूनच लोक पुढचे वाचायचे सोडून देतात.

खरा फरक रक्त काढतानाच ठरतो. पीआरपीसाठी रक्त ज्या ट्यूबमध्ये घेतात तिच्यात सायट्रेटसारखे रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. रक्त गोठण्यासाठी कॅल्शियम लागते. सायट्रेट ते बांधून ठेवते आणि गोठण्याची प्रक्रिया तिथेच थांबते. त्यामुळे रक्त निवांतपणे दोनदा फिरवता येते आणि पीआरपी काही काळ तसेच ठेवता येते. पण त्यातले फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठताना ज्याचे फायब्रिन हे तंतू बनतात ते प्रथिन, विरघळलेलेच राहते. हाती येतो तो प्लेटलेट तरंगत असलेला द्रव. त्यात जाळे नसते. त्याचा गोळा हवा असेल तर शेवटी कॅल्शियम क्लोराइड किंवा थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे विकर बाहेरून घालावे लागते.

पीआरएफसाठी असे कोणतेही द्रव्य वापरत नाहीत. फ्रान्समधील डॉक्टर जोसेफ शुक्रून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेली ही पद्धत मूळची माणसांच्या तोंडाच्या व जबड्याच्या शस्त्रक्रियेतली आहे. कोऱ्या काचेच्या ट्यूबमध्ये रक्त घ्यायचे आणि लगेच एकदाच फिरवायचे. काचेला स्पर्श होताच रक्त गोठू लागते. म्हणजे एकीकडे गोठणे आणि दुसरीकडे पेशींचे वेगळे होणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात. तांबड्या पेशी तळाशी जातात, वर पातळ रक्तद्रव राहतो आणि मधोमध फायब्रिनची लवचिक, पिवळसर गुठळी तयार होते, जिच्या तंतूंमध्ये प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात. रक्त काढल्यापासून सेंट्रिफ्यूज सुरू होईपर्यंत एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला, तर फायब्रिन ट्यूबभर कसेही पसरते आणि धड गुठळी मिळत नाही. कुत्रा हिसके देतो, शीर सापडत नाही, मदतनीस दुसरीकडे असतो. म्हणून सेंट्रिफ्यूज टेबलाशेजारी हवे आणि सगळी तयारी सुई टोचण्यापूर्वीच झालेली हवी.

पीआरपीत शेवटी कॅल्शियम घातले की तेही गोठतेच, मग फरक काय उरला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि सगळा घोळ याच प्रश्नापाशी आहे. दुधात लिंबू पिळले तरी ते घट्ट होते आणि विरजण लावले तरी होते, पण पहिल्याचा चोथा होतो आणि दुसऱ्याचे एकसंध दही लागते. बाहेरून थ्रॉम्बिन घालून पीआरपी झटकन गोठवले तर तंतूंचे सांधे ताठर होतात आणि जाळे पटकन विरते. शिवाय प्लेटलेट एकदम उत्तेजित होऊन आपला बहुतेक साठा पहिल्या तासाभरातच सोडून देतात. पीआरएफमध्ये रक्तातल्याच थोड्या थ्रॉम्बिनने फायब्रिन हळूहळू विणले जाते, त्याचे सांधे लवचिक राहतात आणि त्यात धरून ठेवलेले ग्रोथ फॅक्टर आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक काळ झिरपत राहतात. त्याच जाळ्यावरून आजूबाजूच्या पेशी जखमेत सरकू शकतात. पीआरपी हा जखमेला दिलेला संदेश आहे. पीआरएफ संदेशही देते आणि पेशींना आधारही देते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. वाहनाखाली येऊन पायाची कातडी सोलली गेली असेल, भाजल्यामुळे कातडीचा तुकडा गेला असेल, कोपरावर दाबाने खोल व्रण पडला असेल, म्हणजे जिथे ऊती गमावल्यामुळे उघडा खड्डा आहे, तिथे पीआरएफ हीच पहिली निवड असावी. उघड्या जखमेवर पातळ पीआरपी ओतून वर कापूस बांधणे मला अजिबात पटत नाही. ते जखमेपेक्षा कापसालाच जास्त मिळते. याउलट कातडीखाली पोकळी राहिली असेल, शिवलेल्या कातडीच्या कडांना रक्तपुरवठा कमी पडत असेल, तर सुईने कडेकडेने पीआरपी देणे योग्य. मात्र ‘पातळ ते पीआरपी आणि घट्ट ते पीआरएफ’ असे समीकरणही मांडू नये. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये कमी वेगाने थोडाच वेळ फिरवलेले पीआरएफ काही मिनिटे पातळ राहते आणि तेवढ्या वेळात ते टोचताही येते. त्याला पीआरएफ ठरवते ती गोठणरोधकाची अनुपस्थिती.

बाकीचे फरक किरकोळ आहेत: खर्च, ट्यूबची संख्या, रंग. झाकणाचा रंग मात्र किरकोळ नाही. रक्ततपासणीची जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब हाताशी असते म्हणून ती वापरली जाते. ईडीटीए हेही गोठणरोधकच, म्हणून तिच्यात पीआरएफ कधीच होणार नाही आणि पीआरपीसाठीही ती अयोग्य, कारण ईडीटीए प्लेटलेटना इजा करते. ‘३००० आरपीएमवर (मिनिटाला ३००० फेरे) १० मिनिटे’ एवढेच लिहून मोकळे होण्याची सवयही सोडावी. पेशींवर पडणारे बल रोटरच्या त्रिज्येवरही अवलंबून असते: ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात या वेगाला ते गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ८०० पट असते आणि १६ सेंटिमीटरच्या यंत्रात सुमारे १६०० पट. त्रिज्या न सांगता दिलेली कृती अपुरीच असते. आणि या दोहोंपैकी कशालाही स्टेम सेल उपचार म्हणून विकणे ही फसवणूक आहे. प्लेटलेटला तर केंद्रकही नसते.

आपल्याकडे आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. निरोगी कुत्र्याच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण २ ते ५ लाख प्लेटलेट असतात, पण गोचीड तापात, विशेषतः एर्लिकिया या जिवाणूच्या संसर्गात, त्या झपाट्याने घटतात आणि महाराष्ट्रात गोचिडांना फारसा तोटा नाही. अशा कुत्र्याच्या रक्तातून एकवटायला प्लेटलेटच कमी असतात, वर रक्त काढल्या जागी रक्तस्राव होण्याची भीती. आधी प्लेटलेट मोजाव्यात, रक्ताची काचपट्टी पाहावी, ताप असेल तर तो बरा करावा. लहान कुत्र्याच्या बाबतीत रक्ताचे प्रमाणही जपावे लागते: ३ किलोच्या कुत्र्याच्या अंगात जेमतेम पाव लिटर रक्त असते. अळ्या पडलेली, कुजलेले मांस असलेली जखम स्वच्छ न करता यातले काहीही लावू नये. आणि महिनोन्महिने न भरणारी जखम कर्करोगाच्या गाठीची तर नाही ना, हे तुकडा तपासून पाहिल्याशिवाय तिथे पेशी वाढवणारे द्रव्य नेणे धोक्याचे आहे.

पीआरएफची गुठळी कापताना तांबड्या भागाचा पातळ थर तिच्याशी राहू द्यावा, कारण प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी याच सीमेजवळ सर्वांत दाट असतात. गुठळी हलकेच दाबून पडदा केल्यावर हाच भाग जखमेकडे ठेवावा. वरचे ड्रेसिंग जखमेला न चिकटणारे असावे. ते बदलताना जखमेवर जो पिवळसर, बुळबुळीत थर दिसतो तो बहुतेकदा विरघळत चाललेले पीआरएफ असते. दुर्गंधी, सूज किंवा ताप नसेल तर त्याला पू समजून घरी खरवडू किंवा पुसून काढू नये, वरवर सलाइनने ओले करून पुन्हा झाकावे आणि कुत्र्याच्या गळ्यात शंकूसारखी कॉलर घालून त्याला ते चाटू देऊ नये.