बीआयटी चाळ की बीडीडी चाळ?

बाबासाहेब आंबेडकर बीडीडी चाळीत राहायचे, असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं. ते राहायचे परळच्या बीआयटी चाळीत. दोन्ही नावं इंग्रजी आद्याक्षरांची, दोन्ही चाळी सरकारी यंत्रणेनं बांधलेल्या, दोन्हींत कामगारांचीच वस्ती. घोळ व्हायचाच.

बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये हा ट्रस्ट निघाला. दाट वस्त्या पाडून रस्ते काढायचे आणि उठवलेल्या लोकांसाठी चाळी बांधायच्या, हे त्याचं काम. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, म्हणून या चाळी पालिकेच्या.

बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, आलं १९२० साली, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात. तेव्हा प्रश्न प्लेगचा नव्हता, पहिल्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईचा होता. कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसवून पैसा उभा केला. बेत ५०,००० खोल्यांचा होता. झाल्या जेमतेम साडेसोळा हजार. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्याच राहिल्या, आणि १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या चाळींचा चक्क तुरुंग झाला! या चाळी राज्य सरकारच्या.

आता बीडीडी चाळी पाडून ५०० चौरस फुटांची घरं होताहेत. एखादी चाळ संग्रहालय म्हणून राखावी, ही चर्चाही आहेच. इथे दोन चाळींतला फरक कामाला येतो. परळला काय जपायचं ते ठरलेलंच आहे: समोरासमोरच्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. १९३४ च्या सुमारास 'राजगृहा'त जाईपर्यंत बाबासाहेबांचा संसार आणि अभ्यास तिथेच चालला. माणूस एक, खोल्या दोन. ते झालं स्मारक.

बीडीडीत असा एक माणूस नाही. तिथे एखादी खोली स्टोव्ह, पितळी भांडी आणि पत्र्याच्या ट्रंकेनं सजवून ठेवली तर ते नाटकाचं नेपथ्य होईल. राखायचा तर अख्खा मजला राखा: मधला बोळ, दोन्ही बाजूंची वीस दारं आणि सामायिक संडास. पहाटे बादली घेऊन तिथे नंबर लावावा लागायचा.