नोंदवहीत नसलेला रकाना : आघातग्रस्त मुलांना सांभाळणाऱ्यांच्या आधाराचा पूर्वेतिहास

निवासी बालगृहात रात्री जेवणाच्या वेळी चौदा वर्षांचा एक मुलगा समोरचे ताट भिंतीवर भिरकावतो, समजूत घालायला आलेल्या काळजीवाहिकेला नको नको ते बोलतो, आणि तासाभराने त्याच बाईंनी दिवा मालवून जाताना दार किलकिले ठेवावे म्हणून हटून बसतो. पाळी संपताना बाई नोंदवहीत लिहितात : 'मुलगा जेवताना आक्रमक झाला. समजूत घातली. साडेदहाला झोपला.' मुलाचे त्या रात्री काय झाले, ते या तीन वाक्यांत आले. भिंतीवरची आमटी पुसताना बाईंचे हात थरथरत होते, क्षणभर त्या मुलाचा मनस्वी राग आला होता आणि त्या रागाचीच नंतर लाज वाटली, हे लिहायला मात्र वहीत रकाना नाही. अशा संस्थांतील कर्मचाऱ्यांना आधार देण्याच्या विचाराचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा बराचसा त्या रकान्याचा इतिहास आहे. तो अनेकदा आखला गेला आणि तितक्याच वेळा पुसलाही गेला.

मारहाण, लैंगिक अत्याचार, उपासमार किंवा दीर्घकाळची हेळसांड सोसलेल्या मुलाला ज्या वयात मोठ्या माणसांवर विसंबायला शिकायचे, त्याच वयात मोठ्या माणसांची भीती बसलेली असते. म्हणून त्याच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येकाची तो परीक्षा पाहतो, आणि सर्वांत कठोर परीक्षा सर्वांत जवळच्या माणसाची होते. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून तासभर भेटतो. उरलेले सगळे तास काळजीवाहकाच्या वाट्याला येतात, ज्याचे प्रशिक्षण सहसा सर्वांत तोकडे आणि पगार सर्वांत कमी असतो. हे काम करणाऱ्याला फक्त सहनशील स्वभाव आणि सेवाभाव लागतो, अशी समजूत फार काळ टिकून होती. तिचा एक परिणाम असा, की जो थकला तो या कामाला मुळातच नालायक होता, असे ठरवणे सोपे झाले.

या समजुतीला पहिला धक्का पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात बसला. व्हिएन्नाचे शिक्षक ऑगस्ट आयखहॉर्न यांनी 1918 साली ओबरहोलाब्रुन येथे वाट चुकलेल्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. त्यांतल्या सर्वांत आक्रमक मुलांच्या गटाला हिंसेचे उत्तर हिंसेने द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले. खिडक्यांच्या काचा फुटल्या, सामानाची मोडतोड झाली, तरी मोठ्यांनी हात उगारला नाही. आयखहॉर्न यांच्या 1925 सालच्या पुस्तकाला सिग्मंड फ्रॉईड यांनी प्रस्तावना लिहिली आणि पुढच्या पिढ्यांनी ते मुलांविषयीचे पुस्तक म्हणून वाचले. तो मारा दिवसचे दिवस झेलताना मोठ्यांना स्वतःला सावरण्यासाठी काय लागते, हा प्रश्न त्या प्रयोगातच होता, पण त्याला स्वतंत्र नाव मिळायला आणखी एक महायुद्ध व्हावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमध्ये हॅम्पस्टेड येथे बॉम्बहल्ल्यांमुळे बेघर झालेल्या किंवा आईवडिलांपासून दुरावलेल्या मुलांसाठी निवासी पाळणाघरे चालवली. कर्मचाऱ्यांत बहुतेक तरुण मुली होत्या आणि त्यांतल्या कित्येक स्वतःच निर्वासित होत्या. तिथली एक पद्धत साधी होती : काम कोणतेही असो, प्रत्येकाने मुलांविषयी जे दिसेल ते कार्डांवर लिहायचे, आणि त्या कार्डांवर सगळ्यांनी मिळून चर्चा करायची. बॉयलर सांभाळायला आलेल्या जेम्स रॉबर्टसन यांनाही त्यातून सूट नव्हती. रुग्णालयात आईपासून दूर राहणाऱ्या लहान मुलांच्या दुःखाकडे जगाचे लक्ष वेधणारे रॉबर्टसन ते हेच. हे लेखन मुलांच्या अभ्यासासाठी होते खरे, पण ज्याने दिवसभर रडणारे मूल कडेवर वागवले, त्याला संध्याकाळी त्या रडण्याबद्दल विचार करायला जागा आणि सोबत मिळत होती. माझ्या मते आज ज्याला चिंतनशील सुपरव्हिजन म्हणतात, म्हणजे कामाने आपल्या मनावर काय उमटले याचा सोबतीने विचार करण्याची नियमित बैठक, त्याची मुळे या कार्डांत आहेत.

त्याच काळात शहरांतून खेड्यांत हलवलेल्या मुलांपैकी ज्यांना कोणतेच घर ठेवून घेईना, त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये वसतिगृहे निघाली. ऑक्सफर्डशायरमधील अशा वसतिगृहांचे सल्लागार म्हणून बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट काम करत, आणि समाजकार्यकर्त्या क्लेअर ब्रिटन त्यांच्यासोबत असत. मुलांवर उपचार करण्याइतकाच वेळ तिथल्या कर्मचाऱ्यांचे ऐकून घेण्यात द्यायला हवा, हे विनिकॉट तिथे शिकले. त्याचा सर्वांत धीट परिपाक त्यांनी 1947 साली ब्रिटिश मनोविश्लेषकांसमोर वाचलेल्या आणि 1949 साली छापलेल्या निबंधात दिसतो. अशाच एका वसतिगृहातून सतत पळून जाणारा नऊ वर्षांचा एक मुलगा तीन महिने विनिकॉट दांपत्याच्या घरी राहिला होता. तो हाताबाहेर गेला की विनिकॉट त्याला उचलून घराच्या दाराबाहेर ठेवत आणि आत्ताच्या वागण्यामुळे मला तुझा तिरस्कार वाटतो आहे, असे त्याला स्पष्ट सांगत. दाराला खास घंटा होती. ती वाजवली की त्याला आत घेतले जाई आणि झाल्या प्रकाराबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे.

कोणत्याही मुलाला दाराबाहेर काढण्याचे समर्थन आज कोणी करणार नाही, करूही नये. पण त्या निबंधातली कबुली क्रांतिकारक होती. अशा मुलाला सांभाळणाऱ्या माणसाच्या मनात तिरस्कार उठणारच, तो उठला म्हणून तो माणूस वाईट ठरत नाही, आणि तो ओळखला नाही तर मुलावर आडमार्गाने उगवल्याशिवाय राहत नाही, हे एका नामांकित डॉक्टराने स्वतःच्या घरातले उदाहरण देऊन सांगितले. त्या तीन महिन्यांचा रोजचा भार त्यांच्या पत्नीवर होता, हेही विसरू नये. काळजीचे श्रम एकाचे आणि त्यांविषयी लिहिणारा हात दुसऱ्याचा, ही या क्षेत्रातली जुनीच विभागणी आहे.

अमेरिकेत फ्रिट्झ रेडल आणि डेव्हिड वाइनमन यांनी डेट्रॉइट येथे 1946 ते 1948 या काळात अतिशय आक्रमक मुलांसाठी एक छोटे निवासगृह चालवले. भांडण झाले त्याच जागी, त्याच माणसाने मुलाशी कसे बोलावे याचे शास्त्र त्यांनी घडवले, आणि काळजीवाहक हा उपचाराचा मुख्य माणूस ठरू लागला. निवासगृह मात्र पैशांअभावी बंद पडले. शिकागोत ब्रुनो बेटलहाइम यांनी 1944 पासून जवळजवळ तीस वर्षे चालवलेल्या निवासी शाळेचा फार बोलबाला झाला. 1990 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर तिथे राहिलेल्या काही जणांनी मारहाणीचे आरोप केले. संस्थेचा प्रमुख कितीही विद्वान असला, तरी त्याला प्रश्न विचारण्याची मुभा कर्मचाऱ्यांना नसेल, तर बाकीच्या आधाराला काय अर्थ राहतो, हा प्रश्न त्या आरोपांनी मागे ठेवला.

या सगळ्या विचाराला बळकट कणा दिला तो मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीस यांनी, आणि तोही बालगृहाच्या नव्हे, रुग्णालयाच्या अभ्यासातून. लंडनमधील एका शिक्षण-रुग्णालयातील परिचारिकांवरचा त्यांचा अभ्यास 1959 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. तिथल्या विद्यार्थिनी-परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश प्रशिक्षण अर्धवट सोडून जात होत्या. मेन्झीस यांना दिसले ते असे : वेदना आणि मृत्यू यांच्या सान्निध्यातून येणारी चिंता सोसण्यासाठी संस्थेने कामाची रचनाच अशी केली होती, की कोणत्याही परिचारिकेचा कोणत्याही रुग्णाशी फार संबंध येऊ नये. कामाचे बारीक तुकडे पाडायचे, मुलींच्या सारख्या बदल्या करायच्या, रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने आणि आजाराने करायचा, प्रत्येक निर्णय पुन्हा पुन्हा तपासून घ्यायचा. या पद्धतींनी चिंता कमी झाली नाही, उलट ज्या नात्यातून कामाचे समाधान मिळाले असते ते नातेच तुटले, आणि जायच्या त्या मुली गेल्याच.

बालगृहात काम केलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. मुलाने एखादीचा लळा लावून घेतला की तिची पाळी बदलायची, 'फार गुंतू नका' हा सल्ला धोरणासारखा द्यायचा, आणि प्रत्येक प्रसंगावर एक नवा नियम चिकटवायचा. पुढे मेन्झीस यांनी इंग्लंडमधील कॉट्सवोल्ड कम्युनिटीत सल्लागार म्हणून काम केले. मुलांना दुरुस्त करण्यासाठी चालणारी जुनी शाळा रिचर्ड बालबर्नी यांनी 1967 पासून उपचारात्मक समुदायात, म्हणजे रोजचे एकत्र राहणे हाच उपचार मानणाऱ्या संस्थेत, बदलायला घेतली होती, ती ही संस्था. किशोरवयीनांच्या संस्थांतील कर्मचाऱ्यांच्या आधाराविषयी 1979 साली छापलेल्या आपल्या निबंधात मेन्झीस यांनी आधाराची जागा संस्थेच्या रचनेतच शोधली. कोणाला खरी जबाबदारी दिली आहे, निर्णय कोण घेतो, कोणते मूल कोणाचे, हे जिथे स्पष्ट असते तिथला माणूस उभा राहतो. या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा विचार हाच आहे, आणि सर्वांत कमी अमलात आलेलाही हाच.

कारण त्याच्या आगेमागची दोन दशके शब्दांची होती. स्वयंसेवी दवाखान्यांतील कार्यकर्त्यांची अवस्था पाहून हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 साली कामाने माणूस पार थकून रिता होण्यासाठी 'बर्नआउट' हा शब्द रूढ केला. क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी 1981 मध्ये तो मोजण्याची प्रश्नावली दिली. 1980 साली अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात आघातोत्तर तणाव विकाराला जागा मिळाली आणि आघात हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला. दुसऱ्याच्या आघाताच्या कहाण्या ऐकता ऐकता ऐकणाऱ्याचा जगावरचा विश्वास कसा बदलतो, याचे वर्णन लिसा मॅकॅन आणि लॉरी अ‍ॅन पर्लमन यांनी 1990 मध्ये केले, आणि चार्ल्स फिगली यांनी 1995 मध्ये करुणेच्या थकव्याची मांडणी केली. ही नावे मिळाल्याने असंख्य लोकांना आपण दुबळे नाही याचा दिलासा मिळाला. पण प्रश्नावली भरायची एकट्याने, गुणही एकट्याचेच, त्यामुळे उपायही एकट्याने करायचा असे वळण लागले : सुट्टी घ्या, व्यायाम करा, स्वतःची काळजी घ्या. मेन्झीस यांनी संस्थेकडे दाखवलेले बोट पुन्हा त्या थकलेल्या माणसाकडे वळले.

आधाराविना सोडलेल्या संस्थेत काय घडू शकते, हे त्याच काळात इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरच्या बालगृहांत दिसले. तिथे 1983 ते 1989 या काळात मुलांना शिस्त लावण्यासाठी रात्रीच्या कपड्यांवर दिवसेंदिवस खोलीत एकटे ठेवले जात होते, आणि 1991 च्या चौकशी अहवालाने या पद्धतीचा कडक शब्दांत धिक्कार केला. त्या क्रौर्याची जबाबदारी थकव्यावर ढकलता येणार नाही. तरीही मोठ्यांच्या मनातली भीती आणि संताप कुठेच बोलला जात नाही, तेव्हा तो नियमाचा वेश घेऊन मुलांपर्यंत पोहोचतो, हे विनिकॉट यांनी चाळीस वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते.

मोठ्या घटनेनंतर कर्मचाऱ्यांना एकदाच बसवून सगळे बोलायला लावण्याची पद्धत 1983 पासून बरीच पसरली होती. पुढच्या पाहण्यांत अशा एकाच बैठकीने आघाताचा विकार टळत असल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि भर नियमित, ओळखीच्या माणसासोबतच्या बैठकींकडे परत आला. मराठीत 'पर्यवेक्षण' म्हटले की परीक्षेच्या वर्गात फिरणारे पर्यवेक्षक डोळ्यांसमोर येतात, आणि कामाच्या जागी सुपरव्हिजन म्हटले की चुका काढणारे वरिष्ठ; इथे अभिप्रेत असलेली बैठक वेगळी आहे. त्या रात्री तुम्हाला काय झाले, मुलाने तुमच्यात काय जागवले, उद्या त्याच्यासमोर कसे जाल, हे विचारण्याचा तो राखून ठेवलेला वेळ असतो. अमेरिकेत सँड्रा ब्लूम यांनी 1980 च्या दशकात प्रौढांच्या मनोरुग्ण विभागात घडवलेली आणि नंतर मुलांच्या निवासी संस्थांत गेलेली पद्धत याला पूर्ण समूहाचे रूप देते. मुले आणि कर्मचारी वर्तुळात बसतात आणि प्रत्येक जण तीनच प्रश्नांची उत्तरे देतो : आत्ता कसे वाटते आहे, आजचे उद्दिष्ट काय, आणि मदत लागली तर कोणाकडे मागाल. अस्वस्थ झाल्यावर स्वतःला सावरण्याचे चार-पाच उपाय लिहिलेले कार्ड मुलांकडे असते, आणि तसेच कार्ड संचालकांच्या गळ्यातल्या ओळखपत्रामागेही असते.

कायद्याच्या भाषेत हे उशिरा आले. संयुक्त राष्ट्रांच्या 2009 च्या पर्यायी काळजीविषयक मार्गदर्शक तत्त्वांत काळजीवाहकांच्या वेतनाचा आणि कामाच्या परिस्थितीचा संबंध त्यांच्या उमेदीशी आणि कामात टिकून राहण्याशी जोडला आहे. इंग्लंडच्या 2015 च्या बालगृह नियमांनी प्रत्येक कर्मचाऱ्याला अनुभवी व्यक्तीकडून कामासंबंधी सुपरव्हिजन मिळणे बंधनकारक केले. नियम झाल्यावर बैठकीचा तास वेळापत्रकात छापला जातो. रात्रपाळीची एक बाई आजारी पडली, बदली मिळाली नाही आणि वरच्या मजल्यावर एक मूल रडते आहे, अशा दिवशी सर्वांत आधी खोडला जातो तोही हाच तास.