भरलेले डबे, रिकामे डबे: जीन थेरपी आणि डीएनए-आरएनए लसी साफ करण्यामागची गोष्ट

२०२१ मध्ये ‘१६ कोटींचं इंजेक्शन’ हे शब्द पुण्या-मुंबईत घरोघरी पोचले होते, आठवत असेल तुम्हाला. एसएमए (स्नायू दुबळे करत नेणारा जन्मजात आजार) झालेल्या तान्ह्या बाळांसाठी लोकांनी जमेल तसे पैसे पाठवले, व्हॉट्सॲपवर फोटो फिरले, सरकारने कस्टम ड्यूटी आणि जीएसटी माफ केला. औषधाचं नाव झोलजेन्स्मा, अमेरिकेत २०१९ ला मंजूर झालं तेव्हा किंमत २१ लाख २५ हजार डॉलर. एवढी किंमत का यावर भांडणं खूप झाली, कंपनीचा नफा वगैरे, ते मुद्दे आहेतच, पण बाटलीत नक्की काय असतं आणि ते साफ कसं करतात हा विषय फारसा कुणी काढलाच नाही. तर असतात विषाणूचे कण, एएव्ही नावाचे, रोग न करणारे, आत नीट काम करणारा जीन भरलेले. बाळाच्या वजनाच्या दर किलोमागे ११० लाख कोटी कण. हे सगळे मानवी पेशींमध्ये वाढवायचे, मग पेशी फोडायच्या आणि त्या रबडीतून फक्त हे कण वेचून काढायचे. ही वेचणी कशी जमत गेली ते सांगतो, कारण यातली बहुतेक तंत्रं मुळात या कामासाठी शोधलेलीच नव्हती, सगळी उसनवारी.

सुरुवात पुवापासून होते. १८६९ साली जर्मनीत ट्यूबिंगनच्या किल्ल्यातल्या जुन्या मुदपाकखान्यात फ्रीडरिश मिशर नावाचा तरुण स्विस डॉक्टर बसला होता, सर्जरीच्या वॉर्डातून येणाऱ्या जखमांच्या पट्ट्या धूत. पुवात पांढऱ्या पेशी भरपूर म्हणून. त्याने डुकराच्या जठरातलं पेप्सिन वापरून प्रोटीन पचवून टाकलं आणि खाली जे उरलं, ज्यात फॉस्फरस होता, त्याला नाव दिलं न्यूक्लीन. म्हणजे डीएनए. तो सापडलाच मुळी साफसफाई करताना, हे मला फार आवडतं.

मग मधली बरीच वर्षं सोडून देऊ. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या मेसेलसन, स्टाल आणि विनोग्राड यांनी सिझियम क्लोराईड या जड मिठाच्या द्रावणात डीएनए टाकून सेंट्रिफ्यूज भन्नाट वेगाने फिरवला. मीठ तळाकडे घट्ट होत जातं, वर पातळ राहतं, आणि डीएनए आपल्या घनतेच्या जागी येऊन तरंगत थांबतो. पुढच्याच वर्षी याच युक्तीने डीएनएची नक्कल कशी होते ते सिद्ध झालं. १९६७ ला विनोग्राडच्या गटाने त्यात इथिडियम ब्रोमाईड घातलं, त्यामुळे पीळ घातलेला गोल प्लाझमिड डीएनए (बॅक्टेरियात असणारं डीएनएचं छोटं कडं, ज्यात हवा तो जीन भरून वाढवता येतो) आणि तुटलेला डीएनए वेगवेगळ्या पट्ट्यांत दिसायला लागले. यूव्ही दिव्याखाली नारिंगी चमकणारी ती खालची पट्टी, ट्यूबच्या बाजूने सुई खुपसून सिरिंजने ओढून घ्यायची, जुने लोक अजून कौतुकाने सांगतात. पण एका ट्यूबमध्ये काही मिलिलिटर, फिरवायला दीड-दोन दिवस, आणि इथिडियम स्वतः डीएनएत घुसणारं रसायन, ते माणसाच्या औषधात कसं चालणार.

१९७९ ला बर्नबॉइम आणि डॉली यांची अल्कलाइन लायसिस आली. बायोटेक केलेल्या कुणालाही सोल्यूशन वन, टू, थ्री विचारा. बॅक्टेरिया फोडायला अल्कली आणि साबण, मग तिसरं टाकलं की दूध नासल्यासारखा पांढरा चोथा वर येतो, त्यात बॅक्टेरियाचा मोठा डीएनए अडकतो आणि छोटा प्लाझमिड पाण्यात राहतो. अट एकच, जोरात हलवायचं नाही, नाहीतर मोठ्या डीएनएचे तुकडे होतात आणि ते मग प्लाझमिडसोबतच फिरतात. छोट्या ट्यूबमध्ये हे सोपं आहे हो, हाताने उलटी-सुलटी केली की झालं, पण शेकडो लिटरची टाकी ‘हळूच हलवा’ म्हणजे काय करायचं यावर इंजिनिअर लोकांची कित्येक वर्षं गेली.

आणि टाकीची वेळ आली ती १९९० नंतर. त्या वर्षी विस्कॉन्सिनच्या जॉन वुल्फच्या गटाने दाखवलं की उंदराच्या स्नायूत नुसता डीएनए किंवा आरएनए टोचला तरी पेशी त्यावरून प्रोटीन बनवतात. १९९३ ला फ्लूविरुद्ध डीएनए लस उंदरांवर चालली. सगळे खूश. पण माणसाला टोचायचं तर बॅक्टेरियाच्या आवरणातलं विष, एंडोटॉक्सिन, काढायला हवं, आरएनए काढायला हवा, आणि आरएनए कापायला लॅबमध्ये गायीच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम वापरायचे ते मॅड काऊच्या भीतीमुळे नको झालं. मग सगळे वळले कॉलमकडे.

इथे खरा घोळ आहे. कॉलम म्हणजे बारीक मण्यांनी भरलेली नळी, मण्यांना भोकं, त्या भोकांत माल चिकटतो. स्वीडनमध्ये उप्सालाच्या पोराथ आणि फ्लोडिन यांनी १९५९ मध्ये सेफाडेक्स आणलं, तेव्हापासून हा सगळा बाजार प्रोटीनच्या मापाने वाढलेला. प्रोटीन साधारण ५-१० नॅनोमीटरचं, मण्यांची भोकं काही दहा नॅनोमीटरची, मस्त आत जातं. प्लाझमिड लांबीला शेकडो नॅनोमीटर. ॲडेनोव्हायरस ९० च्या आसपास. ते आत शिरतच नाहीत, मण्याच्या बाहेरच्या सालीवर तेवढे चिकटतात, म्हणजे मणी आतून रिकामाच आणि पैसे मात्र पूर्ण मण्याचे. शंभर ग्रॅम प्रोटीन पकडणारा कॉलम प्लाझमिडचे जेमतेम काही ग्रॅम धरायचा.

उत्तर दुसऱ्या टोकाकडून आलं. १९९० च्या आसपास श्वेत्स, टेनिकोवा वगैरे पूर्व युरोपातल्या रसायनवाल्यांनी मणी सोडून एकसंध ठोकळाच ओतला, स्पंजसारखा, आरपार मायक्रॉनभर रुंद वाटा असलेला. त्याला मोनोलिथ म्हणतात. मण्यात रेणूला आपसूक पसरत आत जावं लागतं, आणि मोठा रेणू त्यात कासवासारखा. मोनोलिथमध्ये प्रवाहच त्याला भिंतीपर्यंत नेऊन सोडतो. १९९८ मध्ये स्लोव्हेनियात ल्युब्लियानाला बीआयए सेपरेशन्स कंपनी यावर निघाली, आणि सुरुवातीची बरीच वर्षं त्यांचा माल म्हणजे हुशार पण गिऱ्हाईक शोधणारा माल होता असंच म्हणावं लागेल, कारण अँटिबॉडीची औषधं बनवणाऱ्यांना त्याची गरज नव्हती आणि जीन थेरपीवाले अजून मोठे झाले नव्हते. २०२० मध्ये सार्टोरियस या जर्मन कंपनीने ती ३६ कोटी युरोंना घ्यायचं जाहीर केलं.

आता परत एएव्हीकडे. हा विषाणू १९६५ मध्ये सापडला तो ॲडेनोव्हायरसच्या नमुन्यात घाण म्हणून. आज त्याच घाणीला घाणीपासून वेगळं करायला कोट्यवधी जातात, काय म्हणायचं. त्यातला मोठा त्रास म्हणजे पेशी कवचं तर भराभर बनवतात, पण पुष्कळ कवचांत जीन भरलाच जात नाही, बऱ्याचदा भरलेल्यांपेक्षा रिकामीच जास्त. मुंबईच्या डबेवाल्यासमोर हजार डबे ठेवले, सगळे बाहेरून सारखे, आणि सांगितलं झाकण न उघडता भरलेले वेगळे काढ, तसं हे काम. रिकामं कवच उपचार करत नाही, पण शरीराची प्रतिकारशक्ती मात्र त्याच्याशीही भांडते.

पेशींचा इतर कचरा काढायला उंटाची मदत झाली. ब्रसेल्समध्ये हामर्स यांच्या गटाने १९९३ ला दाखवलं की उंट-लामा वर्गाच्या अँटिबॉडीत एक साधी, छोटी जात असते. तिचा तुकडा मण्यावर चिकटवला की तो एएव्हीचं कवच अचूक धरतो. फक्त तो कवचच बघतो, आतलं नाही, म्हणजे भरलेले-रिकामे दोन्ही येतात. मग पुढच्या टप्प्याला आयन एक्स्चेंज, म्हणजे विजेच्या चार्जवरून माल वेगळा करणारा कॉलम. आतल्या डीएनएमुळे भरलेल्या कवचाचा निगेटिव्ह चार्ज किंचित जास्त, त्यामुळे मीठ हळूहळू वाढवत नेलं की रिकामे आधी सुटतात. किंचित म्हणजे खरंच किंचित, आलेखावर दोघांची शिखरं एकमेकांत घुसलेली असतात, आणि किती रिकामे चालवून घ्यायचे व किती भरलेले वाया जाऊ द्यायचे हा निर्णय शेवटी पैशाचाही असतो.

एमआरएनएचं, म्हणजे पेशीला प्रोटीन बनवायचा निरोप देणाऱ्या आरएनएचं प्रकरण वेगळं वाटतं, पण आतून तेच. ते टाकीत एन्झाइमने बनतं, पेशी नाहीत, मग घाण कसली असं वाटायचं. पण एन्झाइम चुकून दुपदरी आरएनएही बनवतं, आणि शरीराला दुपदरी आरएनए म्हणजे विषाणू आला अशी घंटा. आरएनएची काही अक्षरं बदलली की शरीर त्यावर तुटून पडत नाही, हा कारिको आणि वाइसमन यांचा २००५ चा शोध सगळ्यांना माहीत आहे, २०२३ चं नोबेल त्याचंच. २०११ चा त्यांचाच दुसरा पेपर कमी लोकांना माहीत आहे. त्यात त्यांनी आरएनए एचपीएलसीने (जास्त दाबाने चालणाऱ्या कॉलमने) धुऊन दुपदरी माल काढला, तर दाह थांबलाच आणि प्रोटीन १० ते १००० पट जास्त बनलं. माझ्या मते या क्षेत्रातला तो सगळ्यात दुर्लक्षित पेपर. पण त्या पद्धतीला ॲसिटोनायट्राइल लागतं, विषारी आणि पेट घेणारं, म्हणून २०१९ ला साध्या सेल्युलोजवर दुपदरी आरएनए चिकटवायची स्वस्त युक्ती निघाली. आणि एमआरएनएची शेपटी धरून त्याला ओढायचा ऑलिगो-डीटी कॉलम तर १९७२ चा, अविव आणि लेडर यांचा. पन्नास वर्षांनी कारखान्यात आला.

आपल्याकडे अहमदाबादच्या झायडसची कोविडची लस झायकोव्ह-डी ऑगस्ट २०२१ मध्ये मंजूर झाली, माणसासाठी मान्यता मिळालेली जगातली पहिली प्लाझमिड डीएनए लस. सुई नाही म्हणून बातम्या झाल्या. पण आकडा बघा, डोसला २ मिलिग्रॅम डीएनए, असे ३ डोस. फायझरच्या डोसमध्ये आरएनए ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे दर डोसला जवळपास सदुसष्ट पट माल साफ करायचा. हिंजवडीच्या जेनोव्हाला २०२२ मध्ये एमआरएनए लसीची मान्यता मिळाली, साध्या फ्रिजच्या तापमानात टिकणारी. पुढच्या वर्षीची ओमायक्रॉनवाली तर स्वतःच्या प्रती स्वतः काढणाऱ्या आरएनएची. हा आरएनए साध्या एमआरएनएच्या दुप्पट-तिप्पट लांब, म्हणजे कॉलमच्या भोकांचा जुना प्रश्न परत दारात.

आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेली आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची नेक्सकार१९, रुग्णाच्याच पेशींत जीन घालून केलेला रक्ताच्या कर्करोगावरचा उपचार. तिथे जीन पेशीत नेतो लेंटिव्हायरस, त्याच्यावर चरबीचं नाजूक आवरण. कॉलमवरून सुटायला जास्त मीठ लागतं आणि जास्त मीठ लागलं की तो मरतो, शेवटच्या निर्जंतुक फिल्टरमधून जाताना आणखी थोडे जातात. भांड्यात वाढवलेल्यातला मोठा वाटा साफसफाईतच संपतो.