उरलेल्या पास्त्याचं काय करायचं?

आमच्याकडून पास्ता नेणाऱ्या सर्व ग्राहकांसाठी

पाकीट ५०० ग्रॅमचं, घरात खाणारी चार माणसं. पाणी उकळलं की अख्खं पाकीट पातेल्यात जातं आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये डबाभर पास्ता शिल्लक. हिशोब साधा आहे. १०० ग्रॅम कोरडा पास्ता शिजला की २०० ग्रॅमच्या वर भरतो, म्हणजे एका पाकिटाचा किलोभर तरी होतोच. जेवण म्हणून खायचा तर माणशी ८० ते १०० ग्रॅम कोरडा पुरतो. पोरांना संध्याकाळी खायला म्हणून करत असाल तर ५० ग्रॅम भरपूर झाला. एवढं मोजूनही उरतो, हे आम्हाला ठाऊक आहे. आणि खरं सांगायचं तर उरू द्यावा. खालचे काही पदार्थ ताज्या, गरम पास्त्याचे जमतच नाहीत.

शिजताना रव्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. गार झाल्यावर तोच स्टार्च पुन्हा आवळतो, म्हणून फ्रिजमधला पास्ता घट्ट लागतो. फोडणीच्या भाताला रात्रीचा भातच का घ्यायचा, तेच कारण इथेही. आमचा पास्ता बन्सी गव्हाच्या रव्याचा आहे. या गव्हातली प्रथिनं भरपूर आणि चिवट असतात, त्यामुळे दुसऱ्यांदा कढईत गेला तरी तो आकार सोडत नाही. मैद्याच्या पास्त्याची तशी खात्री देता येत नाही.

आधी ठेवणीचं बघा

उरणार असं वाटलं तर सॉस घालायच्या आधीच थोडा पास्ता बाजूला काढा. कोरा पास्ता कशातही जातो. व्हाइट सॉस लागलेला फार तर पुन्हा व्हाइट सॉसमध्येच जातो. बाजूला काढलेला पास्ता थंड पाण्याखाली धरा, चाळणीत नीट निथळू द्या, चमचाभर तेल चोळा आणि उथळ डब्यात भरा. (लगेच सॉसमध्ये घालायचा पास्ता मात्र धुवू नका, सॉस त्याला धरत नाही.)

आता एक गोष्ट गंभीरपणे. शिजलेला पास्ता दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तासाभरातच. भात, पास्ता, नूडल्स यांत बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू वाढतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत, आणि बाहेर राहिलेल्या अन्नात तो जे विष तयार करतो ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. तेव्हा रात्रभर ओट्यावर राहिलेला पास्ता ‘वास तर येत नाही’ म्हणून फोडणीला टाकू नका. तो गेला. फ्रिजमधला कोरा पास्ता तीन दिवसांत संपवा, चिकन किंवा कोळंबी घातलेला दुसऱ्या दिवशीच. फ्रीझरमध्ये महिनाभर राहतो, पण बाहेर आल्यावर जरा मऊ पडतो, म्हणून तो आमटीत किंवा सुपात वापरलेला बरा.

गोळा झालेला पास्ता हाताने ओढून सुटा करू नका, तुकडे पडतात. चाळणीत घेऊन उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, आपोआप सुटतो. मायक्रोवेव्ह वापरणार असाल तर वरून दोन चमचे पाणी शिंपडा आणि झाकण ठेवा, नाहीतर कडा चामड्यासारख्या होतात.

फोडणीचा पास्ता

आमच्या मते उरलेल्या पास्त्याचा हा सगळ्यात चांगला शेवट. पेने किंवा मॅकरोनी घ्या, फ्रिजमधून काढलेला, गारच. लोखंडी कढईत तेल नेहमीपेक्षा थोडं सढळ घाला. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे. शेंगदाणे खरपूस झाले की उभा चिरलेला कांदा टाका, आणि कांदा कडेने तपकिरी व्हायला लागला की गॅस बारीक करून दीड चमचा कांदा-लसूण चटणी. चटणी तेलात दहा सेकंदच परतायची. तिच्यातलं खोबरं आणि लसूण पटकन करपतो आणि मग सगळा पदार्थ कडवट. तेलाला रंग सुटला की पास्ता घाला आणि गॅस मोठा करा.

इथे घाई होते. उलथनं सारखं फिरवत राहू नका. पास्ता कढईच्या तळाला दोन मिनिटं न हलवता बसू द्या. चर्रर आवाज बारीक होत गेला आणि कडेचे तुकडे तांबूस दिसायला लागले की एकदाच खालून वर उलटा, पुन्हा दोन मिनिटं. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, आणि पेनेच्या नळीत शेंगदाणा जाऊन बसलेला असतो. वरून कोथिंबीर, लिंबू. मीठ चव बघूनच घाला, कारण पास्ता उकळताना पाण्यात मीठ होतं आणि चटणीतही असतं. घरची चटणी झणझणीत असेल तर पोरांसाठी अर्धाच चमचा घ्या आणि शेवटी चिमूट साखर टाका.

कट ओतून

मिसळीचा कट उरला असेल तर वाटीत मटकीची उसळ, तिच्यावर गरम करून घेतलेला मॅकरोनी, वरून उकळता कट, फरसाण, कांदा. सोबत आपल्या कोल्हापूरच्या रिवाजाप्रमाणे ब्रेडचे स्लाइस. मिसळीच्या अभिमान्यांना हे आवडणार नाही, त्यांच्याशी वाद घालण्याची आमची इच्छाही नाही. फक्त पास्ता कटात टाकून उकळू नका. तो कट पिऊन घेतो आणि पातेल्यात नुसता लाल लगदा राहतो. ताटात वाढल्यावरच ओता.

पांढऱ्या रश्शाचंही तसंच. रविवारचा रस्सा सोमवारी थोडाच उरला असेल तर त्यात मूठभर बारीक पास्ता घातला की दोघांचं पोटभर होतं. रस्सा मंद आचेवर गरम करा, नारळाचं दूध जोरात उकळलं की फुटतं.

आमटीतला

वरणफळं, चकोल्या आपल्या घरांत पूर्वीपासून होतात: कणकेचे तुकडे, आंबट-गोड आमटी, वर तुपाची धार. कणीक मळायचा कंटाळा आला तर उरलेला पास्ता आहेच. तुरीची आमटी नेहमीपेक्षा पातळ करा, आमसूल आणि गूळ घाला, गोडा मसाला किंवा तुमची चटणी, आणि पास्ता शेवटच्या दोन मिनिटांत टाका. शिजलेलाच आहे, त्याला फक्त गरम व्हायचंय. शंख किंवा वाटीच्या आकाराचा असेल तर प्रत्येक तुकड्यात आमटी भरून येते. इटलीतही घेवड्याच्या दाण्यांच्या दाट सुपात पास्ता घालतात, आणि नेपल्सच्या घरांत तर पाकिटांच्या तळाशी उरलेले निरनिराळ्या आकारांचे तुकडे एकत्र करून त्यात शिजवतात. तेव्हा आमटीत दोन आकार मिसळले तरी बिनधास्त.

स्पॅगेटीचा पोळा

स्पॅगेटी फोडणीला बरी नाही, गुंता होतो. तिचा पोळा करा. हा पदार्थ मूळचा नेपल्सचाच. तिथले लोक उरलेल्या पास्त्यात अंडी आणि किसलेलं चीज घालून जाड ऑम्लेट करतात आणि सहलीला, समुद्रावर जाताना त्रिकोणी तुकडे करून नेतात, गारच खातात.

२५० ग्रॅम शिजलेल्या स्पॅगेटीला ४ अंडी, ५० ग्रॅम चीज, मिरपूड. आपल्या पद्धतीने करायचं तर बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर आणि कांदा. अंडी फेटून त्यात स्पॅगेटी नीट कालवा. जाड बुडाच्या तव्यावर तेल पसरून मिश्रण ओता, झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटं. कडा सुटल्या आणि तवा हलवल्यावर पोळा अख्खा सरकला की वर ताट उपडं ठेवा, तवा उलटा करा आणि पोळा ताटातून पुन्हा तव्यावर सरकवा. उलथन्याने उलटायला जाल तर मोडेल. दुसरी बाजू पाच मिनिटं. सॉस लागलेली स्पॅगेटीही इथे चालते, टोमॅटोची असली तर उलट जास्तच चांगली लागते.

अंडं न खाणाऱ्यांनी बेसनाचं पातळ भज्यासारखं पीठ घ्यावं, त्यात ओवा आणि हळद. पोळा थोडा जड होतो, पण दह्याबरोबर छान लागतो. पन्हाळ्याला डब्यात नेणार असाल तर कुठलाही पोळा पोचल्या पोचल्या संपवा, दुपारपर्यंत गाडीत ठेवू नका.

तळलेला, भडंगासारखा

चहाबरोबर. पेने किंवा फुसिली कापडावर पसरून अर्धा तास पंख्याखाली कोरडी करा. ओली राहिली तर तेल उडून हात भाजतो. दोन चमचे तांदळाचं पीठ चोळून मध्यम गरम तेलात थोडी थोडी तळा, बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत. गरम असतानाच चटणी, पिठीसाखर, मीठ आणि तळलेला कढीपत्ता-लसूण टाकून हलवा. त्याच दिवशी खा, दुसऱ्या दिवशी वातड होते.

दह्यातला पास्ता मे महिन्यात करून बघा. मॅकरोनी, दही, थोडं दूध, वर जिरं-मिरचीची फोडणी. यापेक्षा जास्त काही सांगण्यासारखं त्यात नाही.

खीर, आणि खपलीबद्दल

पास्ता अगदी कोरा आणि अळणी असेल तरच. मिठाच्या पाण्यात शिजवलेला असेल तर दोन-तीनदा धुवून घ्या, तरीही किंचित खारटपणा राहतोच. म्हशीचं दूध आटवून त्यात बारीक पास्ता पाच मिनिटं शिजवा, वेलची, जायफळ, खोबऱ्याचे काप. गूळ गॅस बंद केल्यावर, खीर कोमट झाली की घाला. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटतं, मग तो कितीही चांगला कोल्हापुरी गूळ असो.

ज्यांनी आमच्याकडून खपली गव्हाचा पास्ता नेला आहे त्यांच्यासाठी ही खीर आणि वरची आमटी एवढेच दोन पदार्थ. खपलीतलं ग्लुटेन नाजूक असतं, त्यामुळे गार झाल्यावर कढईत परतला की त्याचे तुकडे पडतात. चवीला मात्र गुळाबरोबर तोच सरस. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा तो मिनिटभर आधीच उतरवा.