हप्ता थकलाय म्हणून फोन आला? पैसे भरण्याआधी हे वाचा
आमच्या दुकानातून फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही किंवा मोबाइल हप्त्यावर घेतलेल्या सर्व ग्राहकांसाठी

आमच्याकडून हप्त्यावर फ्रिज घेतलेल्या एक ताई एकदा सकाळी दुकान उघडायच्या आधीच शटरपाशी येऊन थांबल्या होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांना फोन आला होता. बोलणाऱ्याला त्यांचं नाव ठाऊक होतं, कोणता फ्रिज घेतला ते ठाऊक होतं, हप्त्याचा आकडाही त्याने जवळपास बरोबर सांगितला. "हप्ता बाउन्स झालाय, आज दंडासकट भरला नाही तर उद्या आमची माणसं फ्रिज उचलायला येतील," असं म्हणून त्याने व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला. ताईंनी घाबरून पैसे भरले. आम्ही त्यांचं पासबुक भरून आणायला सांगितलं, तर त्या महिन्याचा हप्ता पाच तारखेलाच खात्यातून गेलेला. थकलेलं काहीच नव्हतं.

पैसे गेल्यापेक्षाही ताईंना लागलं ते वेगळंच. "गल्लीत सगळ्यांसमोर फ्रिज बाहेर काढला असता तर?" या धास्तीने त्यांनी रात्रभर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. खोटा वसुलीवाला नेमकी हीच अब्रूची भीती वापरतो. कष्टाने वेळेवर हप्ते भरणारी माणसं अशी फसलेली आम्हाला बघवत नाही, म्हणून हे पत्रक बिलासोबत देत आहोत. घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

आधी तुमचा व्यवहार कुणाशी आहे ते पाहा

वस्तू तुम्ही आमच्याकडून घेता, पण कर्ज देते ती फायनान्स कंपनी किंवा बँक. काउंटरवर आधार, पॅन आणि बँक खात्याची माहिती घेतात, मोबाइलवर ओटीपी येतो आणि खात्यातून दर महिन्याला ठरलेल्या तारखेला हप्ता आपोआप कापण्याची परवानगी तुम्ही देता. याला मँडेट म्हणतात. त्या तारखेला खात्यात पैसे नसले तर हप्ता परत जातो, कंपनी बाउन्स चार्ज लावते आणि बहुतेक बँकाही वेगळा आकार घेतात. हे सगळं पासबुकात किंवा खात्याच्या स्टेटमेंटमध्ये दिसतं. त्यामुळे हप्ता थकला की नाही हे फोनवरच्या माणसाकडून कळून घ्यायची गरज नाही.

आमचं दुकान हप्ता गोळा करत नाही. त्यासाठी आम्ही फोन करत नाही, क्यूआर कोड पाठवत नाही. आमच्या दुकानाचं नाव सांगून कुणी हप्ता मागितला तर तो खोटा आहे, एवढं धरून चाला.

असे फोन तीन तऱ्हेचे असतात

पहिल्या तऱ्हेत कर्जच नसतं. "तुम्ही ॲपवरून तीन हजार घेतलेत, व्याजासकट नऊ हजार झाले," असं सांगतात. आपण काही घेतलेलं नाही हे माहीत असूनही माणूस गोंधळतो, कारण समोरचा आधारचे शेवटचे चार आकडे किंवा घरचा पत्ता सांगतो. ही माहिती चोरीला जाते आणि विकली जाते. ती कुणाकडे आहे म्हणून तुम्ही त्याचं देणं लागत नाही.

दुसरी तऱ्हा जास्त धोक्याची. इथे कर्ज खरं असतं, वसुलीवाला खोटा असतो. ताईंचं असंच झालं. कधी तो धमकावतो, तर कधी अगदी गोड बोलून सवलत देऊ करतो: "अठरा हजार बाकी आहे, आज सात हजार भरा, खातं बंद करून एनओसी (काही बाकी नसल्याचा दाखला) देतो." थकबाकी असलेल्या माणसाला हा मोठाच आधार वाटतो. पैसे जातात, कंपनीकडे थकबाकी तशीच राहते आणि दंड चढत जातो. खरी तडजोड कंपनी लेखी पत्रावर करते. पत्र हातात आल्यावर ते खरं आहे ना, हे कंपनीच्या कार्यालयात विचारावं आणि मगच पैसे भरावेत.

तिसऱ्या तऱ्हेत कर्ज दुसऱ्याचं असतं आणि फोन तुम्हाला येतो. पुतण्याने, शेजाऱ्याने किंवा जुन्या सहकाऱ्याने कर्ज घेताना तुमचा नंबर दिलेला असतो, नाहीतर एखाद्या ॲपने त्याच्या मोबाइलमधले सगळे नंबर उचललेले असतात. नवीन सिम घेतलं असेल तर आणखी एक शक्यता असते. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो, आणि त्या आधीच्या मालकाची उधारी तुमच्या कानावर येऊन पडते. तुम्ही जामीनदार म्हणून सही केलेली नसेल तर त्या कर्जाचा एक रुपयाही तुम्ही देणं लागत नाही. नुसतं 'संदर्भ' म्हणून नाव दिल्याने कुणी जामीनदार होत नाही.

खरा वसुलीवाला कसा वागायला हवा

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये सर्व बँका आणि फायनान्स कंपन्यांना बजावलं आहे की थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाईक आणि मित्रांना त्रास, सारखे सारखे फोन, खोटी माहिती देणं हे सगळं बंद. मोबाइलवरून किंवा सोशल मीडियावरून अयोग्य मेसेज पाठवणंही बंद.

पण नियम आहे म्हणून सगळे पाळतात असं नाही. खऱ्या कंपनीने नेमलेला माणूसही कधी कधी उद्धट बोलतो, आणि खोटा माणूस 'सर, मॅडम' करत अदबीने बोलतो. म्हणून आवाजावरून, भाषेवरून, फोनच्या वेळेवरून शेवटचा निकाल लावू नका. व्हॉट्सॲपवरच्या ओळखपत्राच्या फोटोवर आणि डीपीमधल्या कंपनीच्या चिन्हावरही नको. आमच्या मते कामाची कसोटी एकच: पैसे कुणाच्या खात्यात मागतोय? ॲपवरून घेतलेल्या कर्जाबाबत तर रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की परतफेड थेट कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा कंपनीच्या खात्यात झाली पाहिजे, मधल्या कुणाच्या खात्यात नाही. एखाद्या माणसाच्या नावावरचा यूपीआय नंबर आला, की बोलणं तिथेच थांबवा.

फोनवर काय बोलायचं

कमीत कमी बोला. कर्ज आहे की नाही, किती बाकी आहे, हप्ता कोणत्या बँकेतून जातो, यातलं काहीही तुमच्या तोंडून बाहेर पडू देऊ नका. तो "तुमची जन्मतारीख सांगा, खातं तपासतो" म्हणेल. खरं-खोटं तपासायचंय तुम्हाला, त्याला नाही. त्याचं नाव, कंपनीचं नाव, कर्ज खात्याचा क्रमांक आणि कार्यालयाचा पत्ता विचारा, कागदावर लिहून घ्या आणि एवढंच म्हणा:

"मी फोनवर काही सांगत नाही आणि भरतही नाही. कंपनीच्या कार्यालयात विचारून घेते. ठेवते."

आणि खरंच ठेवा. समोरचा बोलत असताना फोन ठेवणं आपल्याकडे उद्धटपणाचं वाटतं, विशेषतः वडीलधाऱ्यांना. इथे ते बिनधास्त करा. त्यानंतर कर्जाच्या कागदावर छापलेला नंबर किंवा कंपनीचं स्वतःचं ॲप उघडून बाकी पाहा. त्याने दिलेल्या नंबरवर परत फोन लावू नका. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेला नंबरही नको, कारण तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात.

लिंक उघडायची नाही. 'नोटीस' म्हणून एपीके फाइल (म्हणजे ॲप बसवणारी फाइल) आली तर ती मोबाइलमध्ये घालायची नाही, कारण अशी फाइल तुमचे ओटीपी परस्पर पळवू शकते. तुमच्या मोबाइलची स्क्रीन समोरच्याला दाखवणारं ॲप घ्यायला सांगितलं तरी नाहीच म्हणा. "जास्तीचे पैसे परत देतो, पिन टाका" असं सांगत असतील तर लक्षात घ्या, यूपीआयवर पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही.

धमक्यांमागे खरं किती?

"उद्या पोलीस घरी येतील." निव्वळ हप्ता थकणं हा तुरुंगात टाकण्याचा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. चेक किंवा खात्यातून कापायचा हप्ता परत गेला तर कायद्याने खटला होऊ शकतो, हे खरं आहे. पण त्याआधी तुम्हाला लेखी नोटीस यावी लागते, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस मिळतात, आणि त्यानंतरही आधी कोर्टाचं समन्स येतं. संध्याकाळी फोन आणि सकाळी वॉरंट असं होत नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशातला माणूस 'डिजिटल अरेस्ट' म्हणाला, तर असा काही प्रकार भारतीय कायद्यात नाही. उलट पोलीस असल्याची बतावणी करणं हाच भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे.

"वस्तू उचलून नेऊ." त्यासाठी कर्जाच्या करारात तशी अट आणि नोटिशीची मुदत लिहिलेली असावी लागते. करार आजच काढून वाचून ठेवा. सापडत नसेल तर कंपनीकडे प्रत मागा.

"सिबिल खराब करू." सिबिल ही लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी संस्था. खरोखर हप्ता चुकला असेल तर तिथे त्याची नोंद होते, ती कंपनीकडून. फोनवरच्या माणसाला ती करता येत नाही आणि पुसताही येत नाही. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या अशा चार संस्था दर वर्षी प्रत्येकी एक पूर्ण अहवाल फुकट देतात. वर्षातून एकदा तरी तो काढून पाहाच. तुमच्या नावावर कुणी परस्पर कर्ज काढलं असेल तर ते तिथेच उघडं पडतं. चुकीची नोंद दिसली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.

फोटोत फेरफार करून ते नातेवाइकांना पाठवण्याची धमकी सगळ्यात घाणेरडी. ती देणाऱ्याला एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. घरच्यांना लगेच सांगा, स्क्रीनशॉट ठेवा, पोलिसांकडे जा. ही खंडणी आहे आणि लाज वाटायची असेल तर ती त्याला वाटली पाहिजे. यापुढे कोणत्याही कर्जाच्या ॲपने मोबाइलमधले नंबर आणि फोटो मागितले तर देऊ नका. रिझर्व्ह बँकेने ते मागायला मनाई केली आहे.

पैसे गेले असतील तर

वेळ घालवू नका. १९३० ही सरकारी सायबर हेल्पलाइन आहे, तिथे फोन लावा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवतात. ते मधेच एखाद्या खात्यात अडकवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून पहिला तासाभराचा वेळ मोलाचा. यूपीआयने भरले असतील तर व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक हाताशी ठेवा. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्या. लगोलग आपल्या बँकेलाही कळवा. ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर करता येते. एपीके फाइल उघडली असेल तर मोबाइलचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला खातं गोठवायला सांगा.

पैसे गेले नसले तरी संशयित नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षु' सुविधेत नोंदवा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि हप्ता खरंच थकला असेल तर

लपू नका. पगार अडकतो, आजारपण येतं, शेतीचे पैसे उशिरा हातात पडतात, हे आम्ही रोज पाहतो. अशा वेळी कंपनीला तुम्ही स्वतः फोन करा, मुदत किंवा हप्त्याची नवी तारीख मागा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. ज्याने आधीच कंपनीशी बोलून ठेवलंय, त्याला खोट्या फोनने घाबरवणं अवघड जातं. खऱ्या वसुलीवाल्याने त्रास दिला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्याला काही खर्च येत नाही. माहितीसाठी नंबर १४४४८.

दुपारी घरात आजी-आजोबाच असतात आणि बऱ्याचदा फोन तेच उचलतात. त्यांना एवढंच सांगून ठेवा: पैशाचं कुणी बोललं तर "संध्याकाळी मुलगा येईल तेव्हा बघू" म्हणायचं आणि ठेवायचं.

असा फोन आला आणि काही सुचेनासं झालं, तर मोबाइल, पासबुक आणि कर्जाचा कागद घेऊन दुकानात या. वस्तू आमच्याकडून घेतलेली नसली तरी चालेल. कंपनीचा खरा नंबर शोधून तुमच्यासमोर फोन लावून देऊ, १९३० ला तक्रार करायला शेजारी बसू. त्याचे काही पैसे नाहीत. फक्त पिन किंवा ओटीपी टाकायची वेळ आली की मोबाइल आमच्याकडून मागून घ्या आणि आमच्याकडे पाठ करून टाका.