अर्धशिशी म्हणजे ‘पित्त’ नव्हे

“पित्त झालंय, उलटी काढ, डोकं थांबेल.” घराघरांत हे ऐकू येतं. आई मोरीत उकिडवी बसून घशात बोटं घालायची, मग डोक्याला पदर करकचून बांधून अंधारात पडून राहायची. उलटीनंतर कधीकधी बरं वाटतं, त्यामुळे हा समज पक्का होत गेला.

खरा क्रम उलटा आहे. अर्धशिशी मेंदूत सुरू होते. डोकं ठणकण्याच्या कितीतरी तास आधी जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते. मळमळ आणि उलटी हा त्याच झटक्याचा भाग. त्या वेळी जठराचं काम मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी अनेकदा लागूच पडत नाही. आणि मुद्दाम काढलेल्या उलटीबरोबर तीही बाहेर पडते!

१९९० मध्ये गोड्सबी आणि एडविन्सन या संशोधकांना झटक्यादरम्यान रुग्णांच्या मानेतल्या शिरेच्या रक्तात ‘सीजीआरपी’ हे पेप्टाइड (प्रथिनासारखा छोटा रेणू) वाढलेलं आढळलं. त्याचंच काम अडवणारं, झटके टाळण्यासाठीचं पहिलं इंजेक्शन अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. या कामासाठी २०२१ चा ब्रेन प्राइज हा मेंदू-संशोधनाचा पुरस्कार या दोघांसह चौघांना मिळाला. इंजेक्शन महाग आहे, पण प्रोप्रॅनोलॉलसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्याही अनेकांचे झटके कमी करतात. त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही.

वेदनाशामक गोळ्या महिन्यात दहा-पंधरा दिवस घेत असाल, तर तेही डॉक्टरांना जरूर सांगा. त्या अतिवापरानेच डोकेदुखी वाढते.